पाठवणीची अँबेसेडर

सकाळी दूधवाला येतो तेव्हा बोरगाव मेघेच्या त्या गल्लीत पुंडलिकरावांचे फक्त पाय दिसतात. बाकीचे पुंडलिकराव गाडीखाली असतात. गाडी म्हणजे पांढरी अँबेसेडर, सरकारी लिलावात घेतलेली, कडुनिंबाखाली पत्र्याच्या शेडमध्ये उभी. माणसाने सत्तरी ओलांडली, गुडघे कुरकुरतात, डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, पण पोतं अंथरून गाडीखाली सरकायचं काही सुटत नाही. आत जाणं त्यांना अजून जमतं, बाहेर येणं जमत नाही. मग ते टाच जमिनीवर आपटतात. सून मंजुषा तव्यावरची पोळी उतरवून येते, पोत्याची दोन टोकं धरते आणि सासऱ्याला ओढून उजेडात काढते.

"झालं का, मामाजी?"

"झालं कुठं बाई. ग्रीस भराचं राह्यलं. तू पोळ्या टाक, मी टाच वाजवतो."

त्यांचा जन्म भाजीपाल्याच्या शेतीत गेला. वांगी, टमाटर, सांभार म्हणजे कोथिंबीर. याच गाडीच्या डिक्कीत सांभाराच्या जुड्या रचून त्यांनी वर्ध्याचा बाजार केला. आता शेत मुलगा कैलास बघतो, माल टेम्पोत जातो, आणि गाडीला काम उरलेलं नाही. तिची चाकरी मात्र वाढली आहे. मनगटाने सुटणारे नट हट्टाला पेटले तेव्हा पुंडलिकरावांनी पान्याला पाइप जोडला. तारांचे रंग एकमेकांत मिसळायला लागले तेव्हा मंजुषाच्या शिवणाच्या डब्यातले दोरे घेऊन तारांना गाठी बांधल्या. दिव्याच्या तारेला एक गाठ, हॉर्नच्या तारेला दोन. डोळ्यांना नाही दिसलं तरी बोटांना कळतं. मागचे-पुढचे सगळे दिवे रोज लावून बघायचे. एखादा जरा मिणमिणला, की पुंडलिकराव बल्ब घ्यायला दुकानाच्या पायरीवर जाऊन बसतात, दुकान उघडायच्या आधीच.

आणि एक जुनी सवय. गाडी कुठे ठेवून जायचं झालं की ते बॉनेट उघडतात, काळ्या टोपीखालचा अंगठ्याएवढा रोटर काढतात आणि सदऱ्याच्या खिशात टाकतात. तो नसला की इंजिनाला ठिणगी पोचत नाही, चोराने डोकं आपटलं तरी गाडी चालू होत नाही. घरी आल्यावर तो परत लावायचं ते विसरतात. मग कपडे भिजवताना तो मंजुषाला सापडतो. ती तो पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर हळदीच्या डब्याशेजारी ठेवते. लग्न होऊन आल्यापासून तिने तो किती वेळा फळीवर ठेवला असेल, देव जाणे.

गल्लीतले लोक याला म्हाताऱ्याचा शौक म्हणतात. सखूबाईंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, मात्र पक्कं ठाऊक आहे की शौक अर्धा. उरलेला अर्धा राग आहे.

तो राग आष्टीचा. अठरा वर्षांमागे कैलासचं लग्न आष्टीच्या लक्ष्मणरावांच्या मंजुषाशी झालं. लक्ष्मणराव संत्र्याच्या बागांचे धनी, कृषी केंद्राचे मालक, आणि त्याच वर्षी त्यांनी मोठी नवी गाडी घेतलेली. पुंडलिकरावांनी लग्नाआधीचा अख्खा महिना अँबेसेडरवर घालवला होता. इंजिन खोलून बांधलं, पत्रा घासून रंग दिला, सीटला मोरपंखी मखमल शिवून घेतली. सून घरी येईल ती या गाडीत, हे त्यांनी कैलासच्या साखरपुड्यालाच ठरवून टाकलं होतं.

पाठवणीची वेळ झाली. अँबेसेडर फुलांच्या माळा घालून मांडवाच्या तोंडाशी उभी. तेवढ्यात लक्ष्मणराव आले, गाडीच्या टपावर दोन बोटं वाजवली आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, "पोरीले मी या डबड्यात नाई बसवत, इवाई. आर्वीच्या अलीकडं बंद पडलं तं धक्का माराले पोरीचा बाप कुठून आनसान?"

मांडव हसला. व्याही-व्याह्यांत अशी थट्टा चालतेच, इवायाने इवायाला चिमटे काढावेत ही तर आपल्याकडची रीतच. पण मंजुषा खरोखर नव्या गाडीत बसून गेली. मागून फुलांच्या माळा घातलेली रिकामी अँबेसेडर आली. मोरपंखी मखमलीवर सखूबाई एकट्या, मांडीवर लाडू-चिवड्याचा डबा.  अंगणात गाडी लावल्यावर नवरा एवढंच म्हणाला, "मारंल. पोरीचाच बाप धक्का मारंल."

त्यानंतर ती गाडी रस्त्यात एकदाही बंद पडली नाही. पडू दिलीच नाही त्यांनी. या वयात दुसरे लोक सकाळी देवाचं नाव घेतात. पुंडलिकराव गाडीखाली पडून ते एक वाक्य घोळवायचे, आणि प्रत्येक नट त्या वाक्यावर आवळायचे. लक्ष्मणराव मधल्या काळात कितीदा आले-गेले. पंगतीला शेजारी बसले, दसऱ्याला सोनं दिलं, नातवाच्या बारशाला नाचले. ते तर ती गोष्ट विसरूनही गेले होते. पुंडलिकरावांना याचाच जास्त राग येई.

आणि मग या हिवाळ्यात लक्ष्मणराव संत्र्यांचं कॅरेट घेऊन दारात उभे राहिले.

खाटेवर बसले, चहा झाला, पाऊसपाणी झालं, संत्र्याचा भाव झाला. उठायचं नाव नाही. शेवटी म्हणाले, "मयुरीचं लगन ठरलं, ते तं तुमाले माहीतच हाय."

मयुरी म्हणजे मंजुषाची धाकटी बहीण, लक्ष्मणरावांचं शेंडेफळ. लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्ट्या बहिणीकडेच काढायची. अँबेसेडरच्या बॉनेटवर बसून आंबा खायची आणि मखमलीला हात पुसायची. नवरदेव साहिल वर्ध्याचाच.

"हाव, चांगलं झालं," पुंडलिकराव म्हणाले.

"तिनं हट धरला ना, इवाई. म्हन्ते, पाठवनी मामाजीच्या गाडीतच पाह्यजे. आजकालच्या पोरायले जुन्या गाड्यायचं खूळ. फोटो निंगतात म्हनं चांगले."

"कोनती गाडी?"

"तुमची. हेच."

"हे डबडं?"

लक्ष्मणराव हसले. "जुनी गोठ काऊन काढता आता?"

"जुनी कुठं, काल-परवाचीच तं हाय. रस्त्यात बंद पडली तं?"

"तुमची गाडी कवा बंद पडते, इवाई? आख्ख्या वर्ध्याले माहीत हाय."

हे वाक्य ऐकायला पुंडलिकराव अठरा वर्षं थांबले होते. ऐकलं, आणि त्यांना काहीच वाटलं नाही. फुकट मिळालं होतं ना ते, कामापुरतं. त्यांनी संत्रं सोललं, शिरा काढल्या, एक फोड तोंडात टाकली.

"नेतो. पन चालवीन मीच."

"तुमीच चालवा ना बाप्पा," लक्ष्मणराव सुटल्यासारखे म्हणाले आणि लगेच जायला उठले.

रात्री ताट वाढताना सखूबाई म्हणाल्या, "एवढ्या लवकर हो म्हटलं तुमी?"

"पोरीची हौस हाय."

"तुमच्या तोंडावर काहीतरी शिजून राह्यलं. मी इतके वर्स पाहून राह्यली हे तोंड."

पुंडलिकरावांनी वरण मागितलं.

दुसऱ्या दिवशी ते बाजारातून एक लहानसं बटण घेऊन आले. जुन्या गाड्यांना लोक चोरबटण लावतात, तसं. सीटच्या कडेला मांडीखाली दडवायचं. दाबलं की इंजिनाची वीज तुटते. किल्ली फिरवली तर गाडी घरघर करणार, पण धरणार नाही. पुन्हा दाबलं की पहिल्या किल्लीत चालू. इंजिनाला कसली इजा नाही. हे महत्त्वाचं होतं. इवायावर सूड घ्यायचा होता, गाडीवर नव्हता.

तार सीटखालून ओढायला हात पुरेना. मंजुषाने टॉर्च धरला, तार पुढे सरकवली, तोंडात धरलेले स्क्रू एकेक करून दिले.

"हे कायचं बटन, मामाजी?"

"चोरासाठी."

"रोटर काढता ना तुमी चोरासाठी."

"रोटर काढाले उतरा लागते बाई. गुडघे नाई म्हन्तात."

ती हसली. तिला ते पटलं. ज्या सुनेने अठरा वर्षं आपल्याला पोत्यावरून ओढून काढलं तिच्याच हातातला टॉर्च तिच्या बापासाठी वापरतो आहोत, हे पुंडलिकरावांच्या मनात आलं. आलं तसं त्यांनी ते स्क्रूबरोबर आवळून टाकलं.

आष्टीत लग्न थाटाचं झालं. पाठवणीला ऊन कलायला लागलं होतं. अँबेसेडर पुन्हा फुलांच्या माळा घालून उभी, तीच मखमल, तेच पुंडलिकराव. मागे मयुरी आणि साहिल, पुढे शेजारी सखूबाई. चाकाखाली लिंबू ठेवलं गेलं. पाठवणीला पोरीचा बाप गाडीला मागून हात लावतो, नावापुरता धक्का देतो आणि डोळे पुसतो, ही रीत नागपूरकडून आलेली. लक्ष्मणराव तिची फार आवडीने वाट बघत होते. गुलाबी फेटा, नवे करकरीत बूट. मोबाइल वर झाले. त्यांनी डिक्कीवर हात टेकवले.

पुंडलिकरावांनी मांडीखालचं बटण दाबलं आणि किल्ली फिरवली.

घर्र, घर्र, घर्र. गाडी धरेना.

"काय झालं, इवाई?"

"थंडी झाली वाटते. थोडा जोर लावा."

दोन-तीन पुतणे धावले. पुंडलिकरावांनी खिडकीतून मान काढली. "पोट्टेहो, तुमी सरा बाजूले. मान बापाचा हाय. बापाचा हात लागल्याबिगर ही नाई निंगत."

बायकांनी लगेच मान डोलावल्या. खरं आहे बाई, बापाचाच हात पाहिजे. पुतणे मागे सरले. लक्ष्मणरावांनी फेटा सावरला आणि लोटायला सुरुवात केली.

कार्यालयापासून पीठगिरणीपर्यंत रस्ता किंचित चढाचा. एवढ्या लोखंडाला एकटा माणूस लोटतोय, आणि वरून पुंडलिकरावांच्या उजव्या पायाचा अंगठा ब्रेकवर. पूर्ण नाही, अलगद. मध्येच टेकवायचा, मध्येच उचलायचा. गाडी चार हात सरकायची, अडायची. आरशात लक्ष्मणरावांचं तोंड वर यायचं, खाली जायचं. आधी लाल, मग घामाघूम, मग फेट्याचं टोक सुटून खांद्यावर. असा आरसा पुंडलिकरावांनी आयुष्यात बघितला नव्हता. त्यांनी तो जरा वळवून नीट करून घेतला.

"अजून थोडं, इवाई."

"किती... थोडं?"

"गिरनीपरेंत. मंग उतार हाय."

सखूबाईंनी नवऱ्याच्या पायाकडे पाहिलं, मग तोंडाकडे. पदर ओठांवर धरला आणि बाहेर बघायला लागल्या.

गिरणी आली. लक्ष्मणराव डिक्कीवर ओणवे झाले, धापा टाकत. भोवती गर्दी. आणि पुंडलिकराव ज्याची वाट बघत होते ते हसू आलं. पण ते वेगळ्याच दिशेने गेलं.

"भंगारच होय ना बाप्पा," कुणीतरी म्हणालं.

"मालकासारखीच गाडी. दोघायचंही झालं आता."

लक्ष्मणरावांनी गर्दीकडे तोंड केलं. दम लागला होता, तरी सोडलं नाही. "मी तवाच... म्हनलं होतं ना. मंजीच्या लगनात. बंद पडंल... म्हनलं होतं का नाई? इचारा यायले."

लोक पुन्हा हसले. लक्ष्मणरावही हसले. मागच्या सीटवरून मयुरीचा बारीक आवाज आला, "मामाजी, उतरू का मी?" साहिल मोबाइल काढत म्हणाला, "दुसरी गाडी बोलावतो मी. दोन मिनिटांत येईल."

पुंडलिकरावांचा हात बटणावर होता. दाबलं असतं तर गाडी चालू झाली असती, इवाई दमला होता, सगळं ठरल्यासारखं पार पडलं असतं आणि कुणाला कधी कळलं नसतं. पण मग आष्टीत जन्मभर हेच सांगितलं गेलं असतं की पुंडलिकरावांची अँबेसेडर भर पाठवणीत बंद पडली, आणि लक्ष्मणरावांनी ते आधीच सांगितलं होतं. अठरा वर्षं जे खोटं ठरवण्यासाठी ते गाडीखाली झोपले, ते त्यांनी आज स्वतःच्या बोटाने खरं करून दिलं होतं.

त्यांनी दार उघडलं. गुडघ्यावर हात देत उतरले. "इवाई, अथी या. असे. आता आत पाहा. सीटच्या कडेले बटन दिसून राह्यलं?"

लक्ष्मणराव वाकले. मागे चार मोबाइल वाकले.

"हे दाबलं का गाडी बंद. अन् आता पाहा." पुंडलिकरावांनी बटण दाबलं, हात आत घालून किल्ली नुसती टेकवल्यासारखी फिरवली. इंजिन पहिल्याच फेऱ्यात लागलं, आणि असं संथ, एकसारखं चालायला लागलं की जणू गिरणीचा पट्टाच सुरू झाला.

"गाडी बंद नाई पडली, इवाई. म्या बंद ठेवलती. लोटाले."

कुणी हसलं नाही. लक्ष्मणरावांनी घाम पुसला, फेट्याचं टोक हातात घेतलं, त्याचं काय करायचं ते सुचेना.

"अठरा वर्सं धरून ठेवलं तुमी हे?"

"हाव."

"माह्या पाठीत चमक भरली ना."

"भरू द्या," पुंडलिकराव म्हणाले आणि गाडीत बसले.

आर्वी मागे पडली. मग मयुरी अचानक फुटली, रडता रडता हसायला लागली. साहिलला ते कळेना. पुंडलिकराव मात्र शीळ घालत होते. सखूबाई एवढंच म्हणाल्या, "झालं समाधान?" ते म्हणाले, "झालं." आणि खरोखरच झालं होतं. पश्चात्ताप म्हणाल तर नावालाही नाही.

पण घरी आल्यावर मंजुषा बोलेना. भांडली नाही, आदळआपट केली नाही. चहा वेळेवर, पोळी मऊ, ताट पूर्ण. फक्त शब्द नाही. पुंडलिकराव सवयीने गाडीखाली गेले, टाच वाजवली. कुणी आलं नाही. पुन्हा वाजवली. आतून पोळ्या लाटल्याचा आवाज तसाच चालू. शेवटी ते कोपरांवर सरपटत बाहेर आले. पाठ सोलली, तीही त्यांनी कुणाला दाखवली नाही. नवऱ्याने, कैलासने, समजूत काढायचा प्रयत्न केला तर ती म्हणाली, "टार्च म्या धरला होता." 

मग एका रविवारी मयुरीच्या सासरहून जेवणाचं बोलावणं आलं. सगळे तयार झाले. पुंडलिकरावांनी पांढरंशुभ्र धोतर नेसलं, गाडी पुढे आणून गल्लीत उभी केली आणि टोपी घ्यायला आत गेले. पाण्याचा पेला प्यायले, टोपी आरशात बसवली, बाहेर आले, किल्ली फिरवली.

घर्र, घर्र, घर्र.

बटण पाहिलं. ठीक. पुन्हा किल्ली. घर्र. गल्लीतली दोन-तीन फाटकं उघडली. पुंडलिकरावांची गाडी चालू होत नाही, हे त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी बॉनेट उघडलं, तारांच्या गाठी बोटांनी मोजल्या, मग काळी टोपी काढली. आत रोटर नव्हता.

त्यांनी मान वर केली. मंजुषा फाटकाशी उभी होती. नवी साडी, हातात पर्स.

"काय झालं, मामाजी?"

कित्येक दिवसांत ती पहिल्यांदा बोलली होती.

"रोटर नाई."

"असंल कुठं. जुनी गाडी हाय. पडते बंद."

कैलास पुढे झाला. "थांबा बाबा, मी लोटतो."

"तुमी नाई," मंजुषा म्हणाली. "मामाजी लोटतीन. मी बसते स्टेरिंगवर. गिरनीपरेंत. आष्टीतही गिरनीपरेंतच गेलती ना?"

गल्लीच्या टोकाला पीठगिरणी होती. पुंडलिकरावांनी तिच्याकडे पाहिलं, मग सुनेकडे. सखूबाई ओट्यावर बसल्या, आता वेळ लागणार हे कळून त्यांनी चप्पल काढून ठेवली.

रोटर घरात कुठे असेल ते पुंडलिकरावांना ठाऊक होतं. हळदीच्या डब्याशेजारी. चार पावलं टाकून आणता आला असता. ते गेले नाहीत. गाडी जिथल्या तिथे बसवायची आणि इंजिनाला ओरखडाही येऊ द्यायचा नाही, तर नेमकं काय काढायचं, हे पोरीने बरोबर ओळखलं होतं. त्यांना राग आला होता, आणि रागाच्या खाली कुठेतरी गुदगुल्याही होत होत्या.

ते मागे गेले. डिक्कीवर हात टेकवले, जोर लावला. गाडी हलली. दोन हात सरकली आणि अडली. त्यांनी पाय रोवून पुन्हा लोटलं. दगड.

गुडघ्यातून कळ आली तसे ते खाली वाकले आणि त्यांच्या नाकासमोर मागचा लाल दिवा लागलेला दिसला. लख्ख, स्वच्छ. गेल्याच महिन्यात त्यांनी नवा बल्ब घातलेला. ब्रेकवर पाय आला की पेटणारा.

आष्टीत गिरणीपर्यंत बायका गाडीच्या मागेच चालत होत्या. मंजुषा सगळ्यांत पुढे होती.

दिवा विझला. गाडी सैल झाली. फाटकांतून लोक बघत होते. पुंडलिकरावांनी टोपी काढून डिक्कीवर ठेवली, धोतर वर खोचलं आणि खांदा लावला. चार हात गेले असतील नसतील, दिवा पुन्हा लागला.